डोक्यातलं प्रेशर आणि शिरेतला स्टेंट: हो म्हणायच्या आधी काय काय करून घ्यायचं

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री मला कानात आवाज यायला लागला, श्वू श्वू श्वू, आणि मला वाटलं कूलरचा पंप बिघडला. ह्यांना उठवलं, कूलर बंद करायला लावला, तरी आवाज चालूच. मग उजव्या कुशीवर कान उशीत दाबून झोपले तर तो आणखीनच मोठा झाला, आणि मनगटावर बोट ठेवलं तेव्हा कळलं की हा तर माझ्या नाडीच्या तालावर चाललाय. तोपर्यंत डोकेदुखीला तीन महिने झाले होते. सासूबाई म्हणाल्या पित्त आहे, सूतशेखर घे, शाळेत सगळ्या म्हणाल्या इंदूरचं ऊन आहे, चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून दिला, एका ठिकाणी सीटी स्कॅन करून नॉर्मल आहे, मायग्रेन आहे असं सांगून गोळ्या दिल्या. आणि मी रोज फळ्यासमोर खडू उचलायला वाकले की डोळ्यांपुढे दोन-तीन सेकंद राखाडी पडदा यायचा आणि जायचा, हे मी कोणाला सांगितलंच नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. चार महिने असेच गेले.

शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून मागचा पडदा बघितला आणि पाच मिनिटांत म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आहे, आजच न्यूरोवाल्यांकडे जा.

मी गणिताची टीचर आहे, डॉक्टर नाही. पण डोक्यातलं प्रेशर वाढायच्या ह्या आजारात (डोळ्यांच्या नसांची सूज त्यानेच येते) मी जे शिकले ते ज्यांच्या घरी नुकतं निघालंय त्यांना एका जागी मिळावं म्हणून लिहितेय. गोळीचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही काय विचारायचं, काय मोजून घ्यायचं आणि काय लिहून ठेवायचं, ते मी सांगते.

आधी एक गोष्ट. दुखतं डोकं, म्हणून आपण डोक्याच्या मागे पळतो, पण ह्या आजारात जाते ती नजर, आणि ती कडेकडेने जाते, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. समोरचं सगळं स्वच्छ वाचता येतं आणि बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी करून घ्या: थेंब टाकून पडद्याची तपासणी आणि शक्य असेल तर फोटो, कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट (ती डब्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायची), आणि ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आणि नसेचा स्कॅन. तिन्हीचे प्रिंट आपल्याजवळ ठेवा. पुढे औषध बदलायचं का, शिरेत स्टेंट म्हणजे जाळीची नळी टाकायची का, टाकल्यावर फायदा झाला का, हे सगळं ह्या पहिल्या प्रिंटशी ताडून बघतात. माझी पहिली फील्ड टेस्ट मी थकलेली असताना झाली, अर्ध्यात डुलकी लागली, रिपोर्ट भलताच वाईट आला. डॉक्टरांनी परत करायला लावली तेव्हा खरं चित्र कळलं. तर सकाळी जा, नीट खाऊन जा.

आणि त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. बीपी खूप चढलेलं असलं तरी डोळ्याच्या नसा अशाच सुजतात. उलटही होतं: काहींच्या नसा जन्मतःच फुगीर दिसतात, सूज नसतेच, आणि नाहक सगळी वरात निघते. डोळ्याची सोनोग्राफी आणि ओसीटी केली की हा फरक बराचसा कळतो.

आता हे होतं काय ते थोडक्यात. मेंदूभोवती जे पाणी असतं ते दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून दीडशे मिलिलिटरच असतं, म्हणजे ते सतत बनतं आणि सतत कवटीतल्या मोठ्या शिरांमध्ये जिरतं. जिरण्याचा वेग कमी पडला की आतलं प्रेशर वाढतं. गाठ नाही, रक्ताची गुठळी नाही, इन्फेक्शन नाही, तरी प्रेशर जास्त, तर त्याला इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं आयआयएच म्हणतात. इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलं नाही. जर्मन डॉक्टर क्विंके यांनी १८९३ मध्येच असे पेशंट लिहून ठेवले होते. मधल्या काळात ह्याच्या नावात ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी असा शब्द होता, तो आता काढलाय, कारण ज्याने नजर जाते ते निरुपद्रवी कसं असेल. बहुतेक पेशंट वजन वाढलेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायका असतात, पण पुरुषांना आणि मुलांनाही होतं.

शिरेचा संबंध असा की दोन्ही कानांच्या मागे कवटीच्या आतून एकेक मोठी शीर जाते, ट्रान्सव्हर्स सायनस, आणि ती वळून मानेत उतरते. ह्या आजारात बहुतेकांची ती शीर त्या वळणाजवळ अरुंद झालेली असते. आतलं प्रेशर वाढलं की शीर बाहेरून दाबली जाते, दाबली गेली की मागे रक्त तुंबतं, रक्त तुंबलं की पाणी जिरत नाही, पाणी जिरलं नाही की प्रेशर आणखी वाढतं. दुष्टचक्र. पाठीत मणक्यात सुई घालून हे पाणी काढलं की काही जणांची शीर परत उघडलेली दिसते, म्हणून अरुंद शीर हे मूळ की परिणाम यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे. पण चक्र कुठूनही तोडलं तरी तुटतं, आणि २००२ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी ते शिरेत स्टेंट टाकून तोडलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. तो श्वू श्वू आवाजही त्या अरुंद जागेतून जोरात जाणाऱ्या रक्ताचा. डॉक्टर मानेवर त्या बाजूला हलकं बोट ठेवून आवाज थांबतो का बघतात. तुम्ही घरी मान दाबत बसू नका.

स्कॅनबद्दल. साध्या सीटीवर विसंबू नका, माझं तर तिथेच अडकलं. एमआरआय आणि सोबत एमआरव्ही, म्हणजे शिरांचा फोटो, दोन्ही हवं. एमआरव्हीचं पहिलं काम गुठळी नाही हे पाहणं आहे. बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, अंगातलं पाणी खूप कमी झाल्यावर ह्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते, लक्षणं हुबेहूब अशीच, आणि तिचा इलाज पूर्ण वेगळा. शिवाय औषध न टोचता केलेल्या एमआरव्हीत रक्त हळू वाहतं तिथे शीर तुटल्यासारखी दिसते. म्हणून कॉन्ट्रास्टवालं एमआरव्ही किंवा सीटी व्हेनोग्राम करता येईल का ते विचारा. बऱ्याच लोकांची एका बाजूची शीर मुळातच बारीक असते, तो आजार नाही.

मग पाठीतून पाणी. ह्याला सगळे घाबरतात, आमच्या मावशी तर म्हणाल्या कंबर कायमची जाते, तसं काही होत नाही. खरी काळजी घ्यायची ती माप नीट घेतलं जाण्याची. कुशीवर झोपवून, सुई आत गेल्यावर पाय सैल सोडायला लावून, शांत श्वास चालू असताना आकडा वाचायचा असतो. बसवून घेतलेला किंवा गुडघे पोटाशी घट्ट दाबलेले असताना घेतलेला आकडा फसवा येतो. मोठ्या माणसात पाण्याचे २५ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे वाढलेलं. माझं ३४ होतं. डिस्चार्ज पेपरवर ‘प्रेशर हाय’ एवढंच लिहितात कधीकधी, तेव्हा काउंटरवर उभं राहून आकडा लिहून घ्या. पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच विचारतो.

ह्या काळात घरातली औषधांची पिशवी रिकामी करून डॉक्टरांसमोर ठेवा, अगदी पिंपल्सच्या गोळ्यासुद्धा. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए चे मोठे डोस, ग्रोथ हार्मोन, स्टेरॉइड अचानक थांबवणं, ह्या सगळ्यांनी प्रेशर वाढू शकतं, आणि तसं असेल तर ते औषध बंद करणं हाच पहिला इलाज. हिमोग्लोबिन बघा. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

औषध म्हणजे मुख्य अ‍ॅसिटाझोलामाइड, दुकानात डायमॉक्स म्हणून मिळतं. २०१४ मध्ये अमेरिकेत १६५ जणांवर सहा महिन्यांचा अभ्यास छापून आला, ज्यांची नजर थोडीच बिघडली होती त्यांना वजन कमी करायच्या कमी मिठाच्या आहाराबरोबर हे औषध दिलं तर नुसत्या आहारापेक्षा फील्ड जास्त सुधारली. डोस हळूहळू वाढवतात. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, सोडा आणि कोल्ड्रिंक विचित्र लागतं, लघवी सारखी होते, थकवा येतो. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, मी मुंग्यांना घाबरून तीन दिवस गोळी परस्पर बंद केली, ते चूक झालं. मुतखडा होऊ शकतो म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. टोपिरामेट देणार असतील तर हे आणखी महत्त्वाचं, त्याने बाळात दोष येऊ शकतो आणि मोठ्या डोसला गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो.

वजनाबद्दल बोलायला मला जड जातं, कारण प्रत्येक डॉक्टर तिथूनच सुरू करायचे आणि मला वाटायचं ह्यांना माझे डोळे दिसतच नाहीयेत. पण ते खरं आहे. माझं एका वर्षात नऊ किलो वाढून ८४ झालं होतं. आजार पूर्ण शांत व्हायला साधारण पंधरा टक्के कमी व्हावं लागतं असं म्हणतात, म्हणजे माझ्यासाठी साडेबारा किलो, आणि ते एका महिन्यात होत नाही. घरच्यांनो, टोमणे मारू नका, सोबत चाला. इंदूरमध्ये सकाळी पोह्यांवर शेव, संध्याकाळी शेव, जेवणात शेव, आणि शेव म्हणजे मीठ. आमच्या घरी शेवेचा डबा माळ्यावर गेला आणि पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर आली, सासूबाईंनी स्वतः बदललं ते, मला त्याचा फार आधार वाटला. खूपच जास्त वजन असेल तर बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचाही, म्हणजे वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनचाही विचार होतो, २०२१ च्या एका ब्रिटिश अभ्यासात वर्षभरानंतर त्या बायकांचं डोक्यातलं प्रेशर नुसत्या डाएटवाल्यांपेक्षा जास्त उतरलेलं दिसलं.

इथपर्यंत सगळं करूनही सूज उतरत नसेल, फील्ड घसरत असेल, किंवा औषध अजिबात सोसत नसेल, तेव्हा ऑपरेशनच्या गोष्टी निघतात. त्यात शंट आहे, म्हणजे नळीने पाणी पोटात सोडणं, ती नळी तुंबते आणि परत परत दुरुस्त करावी लागू शकते. डोळ्याच्या नसेच्या आवरणाला छोटी खिडकी पाडणं आहे, ते नजर वाचवायला चांगलं, डोकेदुखीला कमी. आणि स्टेंट आहे. पण नजर काही दिवसांतच झपाट्याने जात असेल तर हे सगळं वाचत बसू नका, ती इमर्जन्सी असते, त्याच दिवशी ॲडमिट व्हायचं.

स्टेंटसाठी माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं एकच: फोटो बघून हो म्हणू नका, शिरेतलं प्रेशर मोजून घ्या. एका ठिकाणी आम्हाला एमआरव्हीची फिल्म दिव्यासमोर धरून सांगितलं, ‘मॅडम, नस सिकुड़ी हुई है, स्टेंट डाल देते हैं, गुरुवार को आ जाइए।’ मोजमापाचं नावच नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले टाकताना बघून घेऊ. हार्टच्या स्टेंटची सोय आता सगळीकडे आहे, डोक्याच्या शिरेचं काम करणारे न्यूरोइंटरव्हेन्शनचे लोक मोजके, म्हणून आम्ही सगळे कागद घेऊन अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात मुंबईला गेलो.

विचारायचं असं. व्हेनोग्राम करून, म्हणजे शिरेत बारीक नळी नेऊन, अरुंद जागेच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर मोजणार का? ते मी जागी असताना मोजणार का? कारण पूर्ण भूल दिली की शिरेतले आकडे बदलतात. फरक किती आला तर स्टेंट टाकता? बहुतेक ठिकाणी पाऱ्याचे ८ मिलिमीटर किंवा जास्त धरतात. दरवर्षी अशा किती केसेस करता? फरक कमी आला तर पुढे काय? ह्या शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर शांतपणे उत्तर देतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

माझं मोजमाप वेगळ्या दिवशी झालं. जांघेत इंजेक्शनने जागा बधिर केली, तिथल्या शिरेतून बारीक नळी वर नेली, दुखलं ते तेवढं इंजेक्शनच. कॅथलॅबमध्ये थंडी खूप असते, मोजे मागून घ्या. वर गेल्यावर डोक्याच्या आत कानामागे एक ओढल्यासारखं वाटलं. मग डॉक्टर एकेका जागी थांबून आकडा बोलायचे आणि काचेपलीकडून कोणीतरी लिहून घ्यायचं. वरच्या मोठ्या शिरेत २६. पुढे २५. अरुंद जागेच्या अलीकडे २४. मग दोन-तीन सेकंद शांतता, आणि पलीकडे ११. तेराचा फरक. मी पडल्या पडल्या मनात वजाबाकी केली आणि पहिल्यांदा वाटलं की माझ्या आजाराला कारण आहे, मी नाटक करत नव्हते.

इथे एक गोंधळ होतो. पाठीतलं माप पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये असतं आणि शिरेतलं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. ह्यांना वाटलं ३४ वरून २६ झालं, कमी आलं, आता स्टेंट कशाला. पण पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १.३६ सेंटिमीटर, तर २६ म्हणजे ३५ च्या आसपास, तेवढंच.

तारीख ठरली की साधारण आठवडाभर आधी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू करतात. हे हलक्यात घेऊ नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून हीच ढाल आहे. आपल्याकडे बऱ्याच लोकांत क्लोपिडोग्रेल नीट काम करत नाही, जनुकांमुळे, म्हणून असर तपासायची रक्ताची टेस्ट करणार का ते विचारा, नसेल चालत तर दुसरी गोळी असते. आणि अ‍ॅसिडिटीसाठी मनाने ओमेप्राझोल घेऊ नका, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, लागलंच तर बहुतेक डॉक्टर पँटोप्राझोल देतात. डोकेदुखीला आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम परस्पर घ्यायचं नाही. पाळी खूप जाते अशा बायकांनी हे आधीच सांगायचं, दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर रक्तस्राव वाढतो, हिमोग्लोबिन उतरतं, आणि अ‍ॅनिमिया ह्या आजाराला वाईट. मला लाजेने हे उशिरा सांगितल्याचा त्रास झाला, हिमोग्लोबिन साडेआठवर आलं.

पैशांचं: एस्टिमेट लेखी घ्या, त्यात व्हेनोग्राम, स्टेंट, भूल, आयसीयू वेगवेगळं लिहून घ्या, आणि दोन टप्प्यांत करणार असतील तर दोन्ही धरून. इन्शुरन्स असेल तर ‘नजर जायचा धोका आहे, औषधाने थांबलं नाही’ असं डॉक्टरांचं पत्र फील्ड टेस्टच्या प्रिंटसकट जोडा. आमच्याकडून आधी विचारणा आली की हा लठ्ठपणाचा इलाज आहे का, पत्र गेल्यावर मंजूर झालं. बऱ्याच ठिकाणी वापरतात तो स्टेंट मुळात मानेच्या धमनीसाठी बनवलेला असतो, फॉर्मवर तसं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, पण विचारा.

स्टेंट टाकताना पूर्ण भूल असते. जाळीची नळी, साधारण आठ-नऊ मिलिमीटर रुंद, आपोआप उघडणारी, शिरेच्या वळणावर सोडतात आणि परत प्रेशर मोजतात. एकदा बसला की काढता येत नाही. मोठे धोके म्हणजे मेंदूत रक्तस्राव आणि स्टेंटमध्ये गुठळी, ते शंभरात दोघांच्या आसपास. दहातल्या नऊ जणांची नसांची सूज उतरते, आवाजही तितक्याच जणांचा जातो, डोकेदुखी दहातल्या आठांची. दहातल्या एकाला मात्र त्रास परत होतो, बऱ्याचदा स्टेंटच्या शेजारीच शीर दबते. हे सगळं आधी ऐकून ठेवा. डोकेदुखी पूर्ण जाईल ह्या आशेवरच टाकायला जाऊ नका.

टाकल्यावर त्याच बाजूला कानामागे चांगलंच दुखतं, आठ-दहा दिवस, काहींना जास्त, कारण शिरेभोवतीचं आवरण ताणलं जातं. मला वाटलं काहीतरी बिघडलं, डॉक्टरांनी पॅरासिटामॉलवर काढायला सांगितलं आणि उतरलं. पण अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, हातपाय लुळे, बोलणं अडखळणं, फिट, असं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी. जांघेतून नळी घातलेली असते म्हणून काही तास पाय सरळ ठेवून पडायचं, आठवडाभर भरलेली बादली उचलायची नाही. परतीच्या गाडीत लोअर बर्थ आधीच बघून ठेवा, वर चढणं जमत नाही.

घरी आल्यावर क्लोपिडोग्रेल साधारण तीन ते सहा महिने आणि अ‍ॅस्पिरिन त्याहून जास्त चालतं. दात काढायचाय, कोणी सांगितलं गोळी दोन दिवस बंद कर, तर स्टेंटच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय एकही डोस चुकवायचा नाही. स्टेंटचं कार्ड पर्समध्ये ठेवा, पुढे एमआरआय करताना दाखवावं लागतं. डायमॉक्स आणि चालणं दोन्ही डॉक्टर थांब म्हणेपर्यंत चालू. डोळ्यांचं काही आठवड्यांत दाखवायचं आणि मग दर वेळी जुने प्रिंट बरोबर न्यायचे, नवा डॉक्टर असेल तर तारखेनुसार लावून द्या.

स्टेंट टाकून मी शुद्धीवर आले तेव्हा कानातला आवाज नव्हता. आता रात्री कूलरचा आवाज ऐकू येतो, फक्त कूलरचा. अधूनमधून मी तो मुद्दाम बंद करून दोन मिनिटं ऐकते, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. तो श्वू श्वू परत आला, किंवा वाकल्यावर तो राखाडी पडदा आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, आणि जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा दाखवायचा.